मालदीवमधल्या छोट्या बेटावर शिक्षिकेची नोकरी मिळाली आहे, एकटीने रुळायला जमेल का?

तुमचं वय 24, बी.एड. नुकतंच झालंय आणि ‘हा धालू’ नावाच्या अटोलमधल्या (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचा समूह) एका बेटावर गणित शिकवायला बोलावणं आलंय. रुळायला किती वेळ लागेल, एकटीने राहणं सुरक्षित आहे का आणि बॅगेत काय भरावं, असं तुम्ही विचारलंय. मी दक्षिणेकडच्या लामू अटोलमध्ये विज्ञान शिकवत होते. बेट बदललं तरी दिवस साधारण सारखाच जातो, म्हणून लिहिते.

सुरक्षिततेचं आधी उरकते. रात्री उशिरा शाळेतला कार्यक्रम आटोपून एकटी चालत घरी यायचे, त्यात मला कधी धाकधूक वाटली नाही. राजधानी माले शहर वेगळं. तिथे गर्दी आहे, तिथे कुठल्याही शहरात घेतो तेवढी काळजी घ्यायची. बेटावर त्रास होतो तो दोन गोष्टींचा, आणि त्यांची कल्पना मुलाखतीत कुणी देत नाही. एक म्हणजे तुम्ही सतत सगळ्यांना दिसत असता. दुसरी म्हणजे मनात आलं म्हणून तिथून निघता येत नाही.

दिसत असता म्हणजे कसं? हजारभर वस्तीचं बेट, या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत चालत जाता येईल एवढंच. काल दुकानातून काय घेतलंत, कुणाशी बोलत उभ्या होतात, हे परिपाठाच्या आधी स्टाफरूममध्ये पोचलेलं असतं. वर्गात एखाद्याला टाकून बोललात तर संध्याकाळपर्यंत ते त्याच्या आईला कळतं, आणि आई धक्क्यावर भेटतेच. याचा राग येतो. पण याच कारणाने तुम्हाला ताप आला की न सांगताही शेजारून डबा येतो. तुमच्याबद्दल बोलणारी आणि डबा पाठवणारी माणसं तीच असतात.

तिथे केरळ आणि तमिळनाडूचे शिक्षक बरेच भेटतील. घर बहुधा त्यांच्यापैकी कुणाबरोबर वाटून घ्यावं लागेल. माणसं मदतीला तत्पर असतात, पहिल्या आठवड्यात सिमकार्डापासून गॅसपर्यंत सगळं तेच लावून देतात. पण संध्याकाळ रोज त्याच चारजणांत गेली की पगार, करार आणि मुख्याध्यापक यांच्यापलीकडे विषय सरकत नाही. मी अशी घरं पाहिली आहेत, जिथे लोक कित्येक वर्षं राहूनही जणू कालच उतरलेत.

त्यापेक्षा शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिरा. माझी शेजारीण पहाटे बुटक्या खोवणीवर बसून नारळ खवायची. कांदा, मिरची आणि लिंबाचा रस हातानेच चुरडायचा, मग त्यात बारीक केलेला ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, आणि वर खोबरं. ही मास हुनी गरम रोशीबरोबर खायची. रोशी म्हणजे पातळ चपातीच. नारळ खवायला मी बसू लागल्यावर ती मला पाहुणी समजायची थांबली. माझं कामचलाऊ धिवेही, म्हणजे तिथली भाषा, त्याच खोवणीवर तयार झालं. वर्गातल्या कोर्सने एवढं झालं नसतं.

मासे खात असाल तर जेवणाचा निम्मा प्रश्न सुटला. शाकाहारी असाल तर मालेहून येणाऱ्या मालाच्या बोटीवर तुमचा जीव टांगलेला राहणार. बोट लागली की धक्क्यावर कोबी, गाजरं, अंड्यांचे ट्रे, पिण्याच्या पाण्याचे खोके उतरतात आणि हिरवं काही असेल तर ते पहिल्या तासात संपतं. शिक्षक शाळेत असतात, म्हणून दुकानदाराशी ओळख ठेवायची, तो बाजूला काढून ठेवतो. कांद्याची चिंता सहसा नसते. भारतातून तांदूळ, पीठ, डाळ, साखर, कांदे-बटाटे 1981 च्या व्यापार कराराखाली ठरलेल्या कोट्याने जातात, त्यामुळे कांदा बहुतेक आपल्याकडचाच.

आता निघता न येण्याचं. आपल्याकडे डोकं फिरलं की एसटीत बसून मावशीकडे जाता येतं. इथे बोटीचं वेळापत्रक बघायचं, शुक्रवारी बहुतेक फेऱ्या बंद, आणि वारा सुटला तर असलेली बोटही रद्द. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, त्याला तिकडे हुलहंगु म्हणतात. तेव्हा लाँचमधून जाताना पोटातलं सगळं वर येतं. जानेवारी ते मार्च समुद्र शांत असतो. तुमच्या अटोलमध्ये हनिमाधूला विमानतळ आहे, पण तिथवर बोटीनेच जायचंय. घरी यायचं तिकीट काढताना बोट आणि मालेहून भारतात येणारं विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका.

पहिले काही आठवडे मजेत जातात, फोटो काढण्यात. जड जातो तो त्यानंतरचा काळ, पहिलं सत्र संपेपर्यंतचा. तेव्हा शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला काहीतरी लावून घ्या. शुक्रवारी दुपारी बेट मशिदीत असतं, दुकानं बंद, रस्ता रिकामा. त्या दोन-तीन तासांत घराची आठवण सर्वात जास्त येते. त्यात घरचे फोन करणार रविवारी सकाळी, नेमक्या तुम्ही वर्गात असताना. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे आहे, पण आठवडा रविवारी सुरू होतो, हे आईला पटेपर्यंत वेळ जातो. मी शनिवारी मुलींबरोबर पोहायला शिकले. तिथल्या बायका पूर्ण कपड्यांत पाण्यात उतरतात, आपणही तसंच उतरायचं. प्रवाळाच्या कडेपलीकडे मात्र माहितगार सोबत असल्याशिवाय जायचं नाही, प्रवाह जोरदार असतात.

शाळेबद्दल फार सांगत नाही, गणित सगळीकडे सारखंच. माध्यम इंग्रजी, वरच्या वर्गांना केंब्रिजच्या परीक्षा. लहान मुलं आपसात धिवेहीच बोलतात आणि त्यांची धिवेहीची वही उजवीकडून सुरू होते. रमजानमध्ये वेळापत्रक बदलतं आणि दिवसा चारचौघांत काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा.

पैशाचं मात्र सही करण्याआधी नीट विचारा. पगार रुफिया या तिथल्या चलनात मिळतो. अधिकृत दर डॉलरला 15.42 रुफिया आहे, पण देशात डॉलरची टंचाई असल्यामुळे बाजारात डॉलर त्याहून महाग पडतो. भारतीय स्टेट बँकेची मालेत 1974 पासून शाखा आहे, तरी दरमहा किती रक्कम भारतात पाठवता येईल यावर मर्यादा असते आणि ती बदलत राहते. घरी कर्जाचा हप्ता तुमच्या पगारावर भरायचा असेल तर आजची मर्यादा तिथे आता शिकवणाऱ्या कुणालातरी विचारून मगच हिशेब मांडा. राहायची सोय शाळा करणार की भत्ता देणार, मायदेशी यायचं तिकीट कोण काढणार आणि मध्येच सोडायचं झालं तर किती दिवसांची सूचना द्यावी लागते, हे करारात लिहिलेलं हवं. तोंडी शब्दावर जाऊ नका.

बॅगेबद्दल. गणपतीची छोटी मूर्ती आई हमखास कपड्यांच्या घडीत सरकवेल. ती काढून ठेवा. पूजेच्या मूर्ती देशात नेता येत नाहीत, विमानतळावर सामान तपासतात. दारू आणि डुकराचं मांसही चालत नाही. खोलीत दार लावून हात जोडायला मला कुणी हरकत घेतली नाही. कपडे सुती, खांदे आणि गुडघे झाकणारे. विहिरीचं पाणी मचूळ असतं, केस राठ होतात, तेल जास्तीचं घ्या. प्यायला पावसाचं साठवलेलं किंवा बाटलीतलं पाणी. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, पण त्यातलं एखादं झोपेचं किंवा तीव्र वेदनाशामक असेल तर आधी परवानगी लागते का ते बघा. गोडा मसाला, हिंग आणि आमसुलं भरा. कुकर नेणार असाल तर दोन रिंगा आणि एक शिटी जास्तीची ठेवा, कारण तुमच्या कंपनीच्या मापाची तिथल्या दुकानात मिळेलच असं नाही आणि मालेहून मागवली तर पुढच्या बोटीपर्यंत डाळ उघड्या पातेल्यात शिजवावी लागेल.