नवऱ्याला एडीडी आहे का हे कसं ओळखायचं, आणि घरच्यांनी कसं निभवायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा ३६ वर्षांचा आहे, हुशार आहे, पण बिलं भरायची राहतात, एक काम अर्धवट टाकून दुसरं धरतो, समोर बसून बोललेलंही डोक्यात शिरत नाही आणि नोकऱ्या टिकत नाहीत. हा एडीडी असू शकतो का, कसं ओळखायचं, घरच्यांनी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी एक ओळ आहे, "सासरचे म्हणतात, तूच त्याला वळण लावलं नाहीस." त्या ओळीसाठी मी लिहायला बसले.

तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही. एडीडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं जन्मजात अवघड जाणं, आता डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात त्याची, लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात, नाहीतर ते निदान होतच नाही. तेव्हा तुम्ही त्या घरात होता का? मग वळणाचा हिशोब तुमच्याकडे कसला मागतात?

आमचं मोटर भरायचं दुकान आहे. सांगली जिल्हा, सगळा ऊसपट्टा. विहिरीवरच्या मोटरी जळून येतात, त्या आमचे हे भरून देतात. हे काम जवळून पाहिलं नसेल तर सांगते. जळालेली तार कापून काढताना आधी वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत गेली ते टिपून घ्यायचं. मग प्रत्येक खाचेत इन्सुलेशनचा कागद घालायचा, साच्यावर नव्या कॉइली गुंडाळायच्या आणि एकेक करून बसवायच्या. वेढे चुकले किंवा एका जागी तारेचं कोटिंग सोललं गेलं की मोटर पुन्हा जळून दारात. हे कामाला बसले की जेवणाची हाक ऐकू येत नाही. वेढा चुकत नाही. लांबच्या गावातून लोक मोटर घेऊन येतात ते ह्यांच्या हातासाठी.

आणि ह्याच माणसाकडून मोटर नेलेल्या शेतकऱ्याचं बिल लिहून होत नव्हतं. उधारी वहीत चढायची नाही, ती पाकिटाच्या मागे, भिंतीवर खडूने, नाहीतर कुठेच नाही. पंपांची विक्रीही आहे म्हणून जीएसटी नंबर आहे. महिन्याचं रिटर्न २० तारखेला भरायचं असतं, उशीर झाला की दिवसाला ५० रुपये आणि वर व्याज. खात्यात पैसे असायचे, कागद टेबलावर असायचे, ह्यांना तारीखही ठाऊक असायची. तरी ते व्हायचं नाही. रात्री उशिरापर्यंत ते कागद पुढ्यात घेऊन बसलेले मी पाहिलेत. कपाळावर घाम, हातात पेन, आणि एक आकडा लिहिलेला नाही. आळशी माणूस असा बसत नाही, तो झोपतो.

माझे थोरले दीर साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. त्यांचं आयुष्य घड्याळावर गेलं. त्यांचं एकच म्हणणं, "सहा तास मोटर भरताना बरं लक्ष लागतं? बिल लिहायला मात्र लागत नाही. म्हणजे मुद्दाम आहे. बायकोचा धाक नाही." हे मी दिवाळीत ऐकलं, बारशात ऐकलं, जत्रेला पाहुण्यांच्या पंगतीत वाढताना ऐकलं. वन्संनी त्यावर "वहिनीच फार लाड करते" अशी जोड दिली. मी गप्प बसायचे, कारण मला उत्तर येत नव्हतं. आता येतं, आणि ते असं आहे: सहा तास मोटर भरता येते आणि दहा मिनिटांचं बिल होत नाही, ही या आजाराविरुद्धची साक्ष नाही, ही त्याची खूणच आहे. लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे वळवायची ताकद कमी असते. काम आवडीचं असलं, नवं असलं, किंवा ऊस वाळतोय म्हणून दारात शेतकरी उभा असला की मेंदूला जो रेटा लागतो तो आपोआप मिळतो. कंटाळवाण्या आणि उशिरा फळ देणाऱ्या कामाला तो रेटा स्वतःच द्यावा लागतो आणि नेमकी तिथेच गाडी अडते. डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांशी याचा संबंध आहे, औषधंही त्यांच्यावरच काम करतात. आमच्या ह्यांनी नंतर एकदा सांगितलं, "मोटर चांगली आहे गं, स्टार्टर पकडत नाही." याहून सोपं मला कुणी समजावलेलं नाही.

आम्हाला कळलं ते मुलामुळे. शाळेत त्याच्या तक्रारी सुरू झाल्या म्हणून मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्याची माहिती विचारता विचारता डॉक्टरांनी ह्यांच्याकडे मोर्चा वळवला. हे पाय हलवत बसलेले, मध्येच उठून भिंतीवरच्या पंख्याचा रेग्युलेटर बघून आलेले. हा प्रकार घराण्यात चालतो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो, म्हणून मुलाचं निदान झालं की आईबापांनाही विचारतात. पुढच्या वेळी डॉक्टरांनी ह्यांच्या आईला बोलावलं. आत्या आल्या त्या तयारीनेच, की माझ्या लेकाला कोण वेडा म्हणतो ते बघते. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "नऊ-दहा वर्षांचा असताना कसा होता?" आत्यांना बोलायला विषयच मिळाला. दळण घेऊन पाठवला की पिठाचा डबा गिरणीतच राहायचा आणि हा गिरणीच्या मागे बसून मोटर बघायचा. संध्याकाळी गिरणीवालाच डबा आणि पोरगा दोन्ही आणून सोडायचा. दप्तर शाळेत, चप्पल देवळात, एका पावसाळ्यात छत्र्या किती हरवल्या त्याला गणती नाही. आणि मग स्वतःच म्हणाल्या, "ह्याचा बापही असाच होता." डॉक्टर लिहीत होते. मी आत्यांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा ठपका माझ्यावर होता ती माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची आहे, हे त्यांच्याच तोंडून येत होतं.

तर ओळखायचं कसं. मानसिक आजार ओळखायला डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या नियमावलीत लक्ष न टिकण्याची नऊ आणि चंचलपणा-उतावळेपणाची नऊ लक्षणं आहेत. १७ वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसात त्यातल्या एका गटातली कमीत कमी पाच लागतात. लहानपणापासून हवीत, घर आणि काम अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी आयुष्याचं खरंच नुकसान होत असायला हवं. मोठेपणी उड्या मारणं राहत नाही, अस्वस्थता आत शिरते. सारखं काहीतरी चाळवत राहणं, दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडणं, रांगेत उभं न राहवणं, रागाचा भडका आणि पाच मिनिटांत पश्चात्ताप. जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस नावाची प्रश्नावली आहे, तिच्यात पहिले सहा प्रश्न चाळणीचे. ती भरून न्या, पण तिला निकाल समजू नका. रक्ताची तपासणी किंवा स्कॅन करून हे कळत नाही, तसं कुणी सांगून पैसे मागत असेल तर उठून या.

औषधाची भीती घालणारे तुम्हाला भेटतीलच. मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध, ते आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये असतंच असं नाही. त्यावरून आमच्या घरात "नशेची गोळी" म्हणून गहजब झाला. डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरल्या मात्रेत घेतलेली ती गोळी ही नशा नाही. दुसरं ॲटोमॉक्सेटीन, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, धीर धरावा लागतो. दोन्हींत नाडी आणि बीपी वाढू शकतं, भूक कमी होऊ शकते, म्हणून आधी हृदयाची माहिती विचारतात आणि बीपी बघत राहतात. गोळीने आमच्या ह्यांना हिशोब आवडायला लागला नाही. हिशोबाला सुरुवात करता येऊ लागली, एवढंच, आणि तेवढंच हवं होतं.

बाकीचं काम घराला करावं लागतं. माझं मत ऐका: आठवण करून देणं बंद करा. तुम्ही लिहिलंय, "मी त्यांची आई झालेय." बरोबर आहे, आठवण करणारी बायको हळूहळू आई होते, मग पोलीस होते, आणि नवरा लपवायला शिकतो. आठवण माणसाच्या तोंडात नको, वस्तूत हवी. आमच्याकडे आलेल्या मोटरीला दारातच तारेने पत्र्याचं लेबल बांधतात, नाव, गाव, तारीख. मोटर टेम्पोत चढायच्या आधी बिल फाडायचं, नंतर नाही, आणि हे सांभाळतो दुकानातला पोरगा, मी नाही. लाइटबिल आणि विम्याचा हप्ता बँकेतून परस्पर जातो. जीएसटीचं काम एका कर सल्लागाराला दिलंय. त्याची फी आम्ही भरत होतो त्या दंडापेक्षा कमी आहे, आणि दीर म्हणतात तसा हा पैशाचा माज नाही. जे काम ह्यांनाच करावं लागतं त्याला मी रात्री शेजारी बसते. काही सांगत नाही, बघत नाही, माझे गहू निवडते. दुसरं माणूस बाजूला कामात असलं की ह्यांचंही काम पुढे सरकतं. करून बघा, फुकट आहे.

शिस्त हवीच, मी शिस्तीच्या विरुद्ध नाही. पण टोमण्याने शिस्त लागत नाही. ह्या माणसांनी शाळेपासून इतके टोमणे खाल्लेले असतात की आणखी एकाने फरक पडला असता तर तो केव्हाच पडला असता.

आता हेही ध्यानात घ्या. विसरणारा प्रत्येक नवरा एडीएचडीचा नसतो. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चिंता, दारू, रात्री दोनपर्यंत मोबाइल, या सगळ्यांनी लक्ष उडतं. तुमच्या नवऱ्याचं हे लहानपणापासून नसेल, दोन-तीन वर्षांतच सुरू झालं असेल, तर आधी ते तपासा. कधीकधी दोन्ही एकत्र असतात, एडीएचडीच्या लोकांत नैराश्य बरंच आढळतं. आणि घरकाम अंगावर पडू नये म्हणून सोयीने विसरणारेही असतात, ते वेगळं प्रकरण. निदान झालं तरी त्यांच्या वाट्याचं काम त्यांचंच राहतं, करण्याची पद्धत बदलते. नोकरी सारखी सुटते म्हणालात, ती का सुटते हे डॉक्टरांना नीट सांगा, कंटाळून सोडतात की भांडून, की काढून टाकतात. ते मला तुमच्या प्रश्नातून कळलं नाही.

डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञच हवेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. जवळ कुणी नसेल तर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर न्या आणि सासूबाईंना सोबत न्याच, त्यांना वाईट वाटेल म्हणून मागे ठेवू नका. "तू वळण लावलं नाहीस" असं जे म्हणतात तेही चालतील. तुम्ही एक शब्द बोलू नका. हा दहा वर्षांचा असताना कसा होता, हे डॉक्टरांनाच त्यांना विचारू द्या.