नळाच्या पाण्यातले क्लोरोफॉर्म

प्रश्न : पावसाळ्यात कृष्णेचे पाणी गढूळ झाले की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो. अशा पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होते, हे खरे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : खरे आहे, मात्र तुम्हाला येणारा वास क्लोरीनचा आहे, क्लोरोफॉर्मचा नव्हे. पाण्याबरोबर वाहून आलेल्या पालापाचोळ्यातील सेंद्रिय द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म व त्याच्या जातकुळीतील ब्रोमीनयुक्त संयुगे बनतात. मोठ्या मात्रेत क्लोरोफॉर्म यकृत व मूत्रपिंडांना इजा करते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगही आढळल्याने माणसाच्या बाबतीतही तशी शक्यता धरली जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. ते सुमारे ६१ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने पातेल्यावर झाकण न ठेवता पाणी खळखळून उकळले की बरेचसे उडून जाते. त्याच कारणाने बंद न्हाणीघरात कढत पाण्याच्या वाफेबरोबर ते श्वासातही जाते, याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. मात्र एवढ्यावरून क्लोरीनच नको म्हणणे हे आगीतून फुफाट्यात पडणे होईल, कारण कावीळ आणि गॅस्ट्रोचा धोका त्याहून कितीतरी मोठा व तातडीचा आहे. घरी पाणी शुद्ध करताना आधी तुरटी फिरवावी, गाळ तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणी गाळून घ्यावे आणि मगच क्लोरीनचे थेंब टाकावेत.