टोमॅटोचा सीड प्लॉट घ्यावा का? बीजोत्पादनाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन बरेच वाढले आहे. मलाही एका बियाणे कंपनीसाठी दहा गुंठ्यांवर संकरित टोमॅटोचा प्लॉट देऊ केला आहे. परंतु गेल्या वर्षी शेजाऱ्यांचे बियाणे ‘जीओटीत नापास’ झाले आणि सहा महिन्यांच्या कष्टांचे पैसे मिळाले नाहीत. ही जीओटी म्हणजे नेमके काय? मी प्लॉट घ्यावा का?
— एक शेतकरी, जि. बुलढाणा

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांवर जे ओढवले, ते या धंद्यातले सर्वांत मोठे दुखणे आहे, म्हणून प्रथम जीओटीविषयीच, म्हणजे ‘ग्रो-आउट टेस्ट’विषयी लिहितो. कंपनी आपल्या बियाण्याचा नमुना घेऊन तो शेतात लावते आणि आलेली झाडे अपेक्षित संकरित वाणासारखी आहेत की नाहीत, हे एकेक झाड पाहून मोजते. जी झाडे मादी वाणासारखी, म्हणजे ज्या वाणाच्या झाडांवर आपण बी धरतो त्यासारखी निघतात, ती स्वपरागीकरणाने तयार झालेल्या बियांची असतात. बहुतेक करारांत ९८ टक्क्यांच्या आसपास शुद्धता मागितलेली असते. याचा अर्थ असा की, शंभर फळांमागे क्रॉसिंग (नर वाणाचा पराग मादी वाणाच्या फुलाला हाताने लावणे) न झालेली दोन-तीन फळे जरी तोडणीत मिसळली, तरी सगळा लॉट हातचा जाऊ शकतो. बियाण्याची उगवण उत्तम असली आणि दाणा टपोरा असला, तरी ही परीक्षा वेगळीच असते.

ही शुद्धता ठरते ती क्रॉसिंग करणाऱ्या महिलांच्या बोटांवर. संध्याकाळी शेडनेटमध्ये उभे राहून त्यांचे काम एकदा नीट पाहा. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी नेमकी हेरायची, चिमट्याने पुंकेसरांची पिवळी नळी अलगद ओढून काढायची आणि आतल्या स्त्रीकेसराला धक्काही लागू द्यायचा नाही. नराच्या फुलांचे पुंकेसर दिव्याखाली वाळवून, चाळून पराग तयार ठेवतात आणि सकाळी तो त्या कळीच्या टोकाला लावतात. खूण म्हणून कळीची दोन हिरवी दले कातरतात, म्हणजे फळ पिकल्यावरही ‘हे आपले’ हे ओळखता येते. टोमॅटोच्या एका किलो बियाण्यात साधारण तीन लाख बिया असतात. एका फळात शंभर बिया धरल्या, तर एका किलोसाठी तीन हजार फुले अशा रीतीने हाताळावी लागतात. हे गणित समजल्यावर बियाण्याचा भाव मोठा का असतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच मजुरी केवळ फुलांच्या आकड्यावर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घाईत उशिरा हेरलेली एक उमललेली कळी पुढे आपल्यालाच महागात पडते. दलांवर कातर नसलेले प्रत्येक फळ दर दोन-तीन दिवसांनी फिरून तोडून टाकावे आणि तोडणीच्या वेळी हे काम शक्यतो घरच्या माणसाने स्वतः पाहावे.

गर काढल्यावर तो साधारण एक ते दीड दिवस आंबवतात. त्यात पाणी घालू नये, नाहीतर बी टबातच अंकुरते. धुतलेले बी विरळ सावलीत जाळीवर वाळवावे. तापलेल्या सिमेंटवर पसरल्यास उगवणशक्ती जाते.

आता कराराविषयी. ऑर्गनायझरच्या, म्हणजे कंपनी आणि शेतकरी यांच्यातल्या मध्यस्थाच्या तोंडी शब्दावर प्लॉट घेऊ नये. दर, पैसे किती टप्प्यांत मिळणार, जीओटीचा निकाल किती दिवसांत कळणार आणि लॉट नाकारला तर बियाणे कोणाचे, हे कागदावर मागून घ्यावे. बियाणे देताना त्याच लॉटचा नमुना दोघांच्या सह्यांनी सील करून एक पुडी आपल्याकडे ठेवावी. नापास ठरल्यावर वाद घालायला हीच पुडी उपयोगी पडते, कारण दोष कधी मूळ नर-मादी बियाण्यातही असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात असे ठरवले आहे की, परतखरेदीच्या करारावर बियाणे घेऊन बीजोत्पादन करणारा शेतकरीदेखील ग्राहक आहे. त्यामुळे निकृष्ट मूळ बियाण्याबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. एवढा कागद हाती येत असेल आणि क्रॉसिंगचा सराव असलेली चार माणसे गावात मिळत असतील, तर प्लॉट अवश्य घ्यावा. पहिल्या वर्षी मात्र दहाऐवजी पाच गुंठ्यांवर हात बसवावा.

प्रश्न : कांद्याच्या बीजोत्पादनात गोंडे भरघोस येतात, पण उळे (कांद्याचे बी) कमी भरते. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारतो, तरी फरक पडत नाही.
— एक वाचक, जि. जालना

उत्तर : फरक पडत नाही असे नाही, त्या फवारणीमुळेच तूट येत असण्याची शक्यता मोठी आहे. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होते, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलापर्यंत नेणारी मधमाशी नसेल, तर गोंडा फुलूनही दाणा धरत नाही. फुलकिड्यांचा बंदोबस्त फुले उमलण्यापूर्वीच करावा. फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात आणि शेजारच्या शेतकऱ्यांनाही त्या दिवसांत फवारणी टाळण्याची विनंती करावी. जवळपास दुसऱ्या वाणाचे गोंडे असतील, तर हीच मधमाशी भेसळही करते. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत 500 मीटरचे अंतर राखावे लागते. कांद्याचे बी वर्षभरात उगवणशक्ती झपाट्याने गमावते, म्हणून मागच्या हंगामातले शिल्लक उळे चाचणी केल्याशिवाय विकू नये.

प्रश्न : जालना हे बियाण्यांचे गाव कसे झाले?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : याची सुरुवात भेंडीपासून झाली. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा सावनी’ या भेंडीचे बी आणून वाढवले आणि शेतकऱ्यांना विकले. पुढे 1964 साली त्यांनी महिको ही कंपनी स्थापन केली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका कंपनीत तयार झालेली माणसे आणि बीजोत्पादन शिकलेली गावे पुढे इतर कंपन्यांच्याही उपयोगी पडली. या भागातली कोरडी हवा बियाणे वाळवण्यास अनुकूल आहे, हेही एक कारण. पण कारखाना उभारता येतो, कळी ओळखणारी बोटे तयार व्हायला मात्र एक पिढी लागते, आणि ती जालना-बुलढाण्याच्या गावांत आहेत.