जमीन विकू नका, आधी यादी करा

प्रश्न : आम्ही करमाळा तालुक्यातले शेतकरी. मुलीला इंजिनिअरिंगच्या सीईटीत ९४ पर्सेंटाइल पडले. तिला पुण्यात कॉम्प्युटरलाच जायचंय. सगळे म्हणतात, सीओईपी, म्हणजे पुण्याचं ते नावाजलेलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, विसरा. ९४ पडूनही नाही? तिच्या मैत्रिणीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. तिला मार्क हिच्यापेक्षा कमी, तरी पर्सेंटाइल जास्त. हा अन्याय नाही का? एक एकर विकून मॅनेजमेंट कोट्यातून घ्यावं, की ड्रॉप, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा? – एक पालक

उत्तर : दादा, आधी जमिनीचं बोलते. ती विकू नका. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला सरकारी फीमाफी मिळत नाही आणि तुमच्या मुलीसाठी ती माफी फार मोठी आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट एवढीच की घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, हवा. तुम्ही प्रवर्ग कळवला नाहीत. जो असेल त्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी उद्याच सेतूत जा, तिथे जूनमध्ये रांगा लागतात. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण फी माफ असलेल्या, जागा असतात, त्यांना जातीची अट नाही, उत्पन्नाची आहे. पण त्यांचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा नंबर, वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असलेला. तो फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो. कितीतरी पालक तो भरतच नाहीत.

आता ९४ चं. हे ९४ टक्के नव्हेत. तिच्या सत्रात बसलेल्या दर शंभरांतल्या ९४ जणांना तिच्याइतके किंवा कमी मार्क पडले, एवढाच त्याचा अर्थ. चार लाख मुलं बसली असं धरा, तर साधारण चोवीस हजार तिच्या पुढे आहेत. सीओईपीचं कॉम्प्युटर खुल्या प्रवर्गात ९९ च्याही वर बंद होतं. मैत्रिणीचा पेपर अवघड निघाला असेल, म्हणून कमी मार्कांतही ती तिच्या सत्रात पुढे आली. सत्रं वेगळी असली की मार्क थेट ताडून पाहता येत नाहीत. मुलीला हे नीट समजावून सांगा. आपल्यावर अन्याय झाला, असं मनात धरून पोरं आतल्या आत कुढत बसतात.

मी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. आता उन्हाळ्यात आमच्या पडवीत मुलं फॉर्म घेऊन येतात. २०२५ च्या प्रवेशाच्या वेळी एक मुलगी आली होती, हातात चार घड्या घातलेला प्रिंटआउट. कॅफेवाल्याने ‘हे नक्की लागेल’ म्हणून एक कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं होतं. तिला हवं होतं ते सातव्या नंबरला, त्याच्याभोवती तिने पेन्सिलने गोल केला होता. त्या वर्षीपासून नियम असा झाला की पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तोच पक्का, पुढच्या फेऱ्या बंद. तिला पहिलाच लागला होता. माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तो पेन्सिलचा गोल मला अजून दिसतो.

म्हणून पर्यायांची यादी कोणाकडून तयार घेऊ नका. लागेल ते वर, असं करू नका. हवं ते वर. वर मोठी कॉलेजं टाकल्याने खालचं कॉलेज हातचं जात नाही. मागच्या वर्षीची कटऑफ यादी सीईटी सेलच्या साइटवर आहे, तिथली अक्षरं वाचायला शिका : सुरुवातीचा ‘एल’ म्हणजे मुलींच्या जागा, शेवटचा ‘एच’ म्हणजे होम विद्यापीठ (ज्याच्या हद्दीत बारावी झाली ते), ‘ओ’ म्हणजे बाहेरचं, ‘एस’ म्हणजे राज्यस्तर. ती बारावी सोलापूर विद्यापीठाच्या हद्दीत झाली असेल, तर पुण्याच्या बहुतेक खासगी कॉलेजांत तिने ‘ओ’ची ओळ पाहायची आणि सोलापूरच्या कॉलेजांत ‘एच’ची. तिथे आकडे बरेच वेगळे दिसतील.

ड्रॉपचं तुम्ही ठरवू नका, तिला विचारा. आज संध्याकाळी वहीचं एक पान तिच्यापुढे ठेवा आणि कॉलेजची नावं तिला तिच्या हाताने लिहू द्या. तुम्ही शेजारी बसा, पण पेन तिच्याकडेच राहू द्या. नंतर ते पान मला पाठवा, मी कटऑफ लावून देते.