सांगलीतली सहकारी ग्राहक भांडारं नोकरांनी बुडवली का?

तुम्ही विचारलंय, मॉल यायच्या आधी सांगलीत लोक महिन्याचा बाजार कुठे भरायचे, आणि सहकारी ग्राहक भांडारं 'नोकरांनी खाल्ली म्हणून बंद पडली' हे खरं का.

पहिलं सोपं आहे. किराणा गणपती पेठेत, कापड कापड पेठेत, बाकीचं हरभट रोड-मारुती रोडला. दुसरं खोटं आहे. माझे वडील, आण्णा, त्याच नोकरांतले.

1962 ला, चीन युद्धाच्या वेळी, केंद्रानं ग्राहक भांडारांची योजना आणली. तशाच एका भांडारात आण्णा किराण्याच्या काउंटरला होते. जूनमध्ये सवलतीच्या कागदाच्या वह्या यायच्या, तेव्हा रांग पार रस्त्यावर. दिवाळीच्या तोंडावर पामतेल आणि साखर. जनता साड्यांचा गठ्ठा सुटला की बायका दुपारचं जेवण टाकून यायच्या.

तर गुळाची गोष्ट. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पावसाळ्यात पाझरतो. खालचं पोतं चिकट होतं, रवा फोडला की तुकडे कोयत्याला आणि काट्याच्या पारड्याला चिकटून राहतात. ज्यानं गूळ विकलाय त्याला हे सांगावं लागत नाही. एका मार्चअखेरीला माल मोजला, तर गूळ अकरा किलो कमी. घट धरायला कुणी तयार नाही. तूट आण्णांच्या पगारातून तीन हप्त्यांत कापली. त्या पाडव्याला आमच्याकडे चक्का आला नाही.

त्यानंतर आण्णांनी एक वही ठेवली. रवा आला तेव्हाचं वजन, फोडल्यावरचं, विकून झाल्यावरचं. सगळं पेन्सिलीनं, कारण गुळाच्या ओल्या हाताला शाई फुटायची. आणि त्याच वहीत मागच्या पानांवर चिठ्ठीचा, म्हणजे नुसत्या चिठ्ठीवर उधार गेलेला माल: कुणाच्या चिठ्ठीवर तेलाचा डबा गेला, कुणाकडे साखरेचं पोतं, पैसे कधी आले. बहुतेक ओळींपुढे पैशांचा रकाना कोराच आहे.

माझे मामा एका संचालकाच्या उठण्याबसण्यातले. घरी सत्यनारायण होता, पंगत बसलेली, आणि मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "नोकरच चोर निघाले, भांडार कसं चालणार?" आण्णा वाढत होते. काही न बोलता पुढच्या पानाकडे गेले. मला ते आजही सहन होत नाही.

नोकरांमुळेच भांडारं बुडत असतील तर शेजारी वारणानगरचा वारणा बाजार, तोही सहकारी ग्राहक भांडारच, कसा उभा राहिला? तिथेही पगारी माणसंच ना?

आता हेही सांगते, सगळं उधारीनंच बुडालं असं नाही. आमचं भांडार दुपारी बंद असायचं, हवा तो साबण कधी मिळायचा नाही, आणि गणपती पेठेतला दुकानदार नुसत्या यादीवर माल घरपोच द्यायचा. हातचलाखी करणारा एखादा नोकरही होता. आणि मी एकाच भांडाराचं सांगतेय.

तुम्हाला खरंच शोधायचं असेल तर जुने वार्षिक अहवाल मिळवा आणि ताळेबंदात सभासदांकडून येणे किती ते आधी बघा. नोकरांच्या नावावरची तूट त्याच्या शेजारी ठेवा. 2019 च्या पुरात आमची वही भिजली, पानं फुगली, पण पेन्सिलीचे आकडे सगळे वाचता येतात. मामांच्या मुलांना ती मी दोनदा बघायला बोलावलंय. अजून कुणी आलेलं नाही.