कम्युनिटी बोर्डावर नवी आली आहेस म्हणून

अगं, पहिल्याच मीटिंगला भाषण ठोकू नकोस. न्यूयॉर्क शहरातली ही ५९ बोर्डं म्हणजे त्या-त्या भागातल्या नागरिकांची मंडळं, त्यांना फक्त सल्ला देता येतो. झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय बांधता येईल या नियमांच्या, अर्जावर त्यासाठी ६० दिवस मिळतात, तेही भुर्रकन जातात. खरी घासाघीस कमिटीत होते. मोठ्या सभेत नुसते हात वर.

बारच्या लायसन्सचा अर्ज आला की रात्री अकराला त्या गल्लीत जाऊन उभी राहा. मी गेले होते, तर मागच्या अंगणाचं दार थेट एका आजींच्या खिडकीखाली! नकाशात ती खिडकीच नव्हती. नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही, मालकाकडून अटी लेखी घे: अंगण दहाला बंद, गाणी आतच.

आणि तक्रार घेऊन आलेल्याला आधी ३११चा, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या फोनचा, तक्रार क्रमांक विचार. बहुतेकांनी फोनच केलेला नसतो.