आधी बर्फाकडे बघ

प्रिय,

तुझा मेल मिळाला, संशोधनाचं प्रपोजल दोनदा वाचलं. उंचावरच्या पक्ष्यांवरच काम करायचं ठरवलंयस याचा खूप आनंद झाला, आणि म्हणूनच जे खटकलं ते आधी लिहिते.

पहिल्याच पानावर तू लिहिलंयस की तापमान वाढतंय म्हणून पक्षी वर सरकतायत आणि शेवटी शिखरावर पोचल्यावर जागा संपणार. हे खोटं नाहीये. पेरूमधल्या सेरो दे पांतियाकोया डोंगरावर १९८५ ला मोजणी झाली होती, २०१७ ला त्याच वाटांवर परत केली तर आधी माथ्यावर सर्रास दिसणाऱ्या काही जाती सापडल्याच नाहीत. पण हा हिशोब सगळीकडे लागू पडत नाही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात जोसेफ ग्रिनेल या प्राणिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या टीमने शंभर वर्षांपूर्वी जिथे जिथे पक्षी नोंदवले होते तिथे अलीकडे लोक परत गेले, तर पक्षी कुठून कुठल्या उंचीपर्यंत राहतात त्याच्या ज्या सीमा हलल्या होत्या त्यातल्या साधारण निम्म्याच वर गेलेल्या, बाकीच्या चक्क खाली! कारण ऊन वर ढकलतं तसा पाऊस-बर्फ काही पक्ष्यांना खाली ओढतो. त्यामुळे हजार मीटर वर गेलं की तापमान साडेसहा डिग्री उतरतं हे गणित मांडून पक्षी किती मीटर वर जाईल ते काढायचं आणि त्यावर अख्खा चॅप्टर लिहायचा, हे नको करूस प्लीज. आणि डोंगर म्हणजे वर निमुळता होत जाणारा कोन हेही गृहीत धरू नकोस, जगातल्या बऱ्याच पर्वतरांगांमध्ये काही उंचीनंतर जमिनीचं क्षेत्रफळ परत वाढतं, हिमालयातच बघ.

माझं म्हणणं एवढंच आहे की तापमान आणि पक्षी यांच्या मधे काय घडतं ते शोध. वृक्षरेषेच्या, म्हणजे जिथे झाडं उगवायची थांबतात त्या उंचीच्या वर ते बहुतेक वेळा बर्फातून घडतं.

स्नोफिंचचं, म्हणजे उंच डोंगरावर राहणाऱ्या त्या चिमणीसारख्या पक्ष्याचं उदाहरण घे. पिल्लं घरट्यात असताना आईबाप सारखे वितळत्या बर्फाच्या कडेला उतरतात, कारण तिथली माती ओली असते, गवत अजून आखूड असतं आणि क्रेनफ्लायच्या (लांब पायांचा, डासासारखा दिसणारा कीटक) अळ्या सहज हाती लागतात. ती कड रोज थोडी थोडी सरकते, पक्षीही तिच्यामागे सरकतात. आता बर्फ लवकर गेला तर काय होईल? पिल्लं निघेपर्यंत माती कोरडी, गवत वाढलेलं, अळ्या असल्या तरी मिळणं अवघड. म्हणजे उन्हाने पक्षी मेला असं कुठेच दिसणार नाही, फक्त पिल्लं कमी वाढतील आणि ते तुला घरट्याजवळ तासनतास बसल्याशिवाय कळणारच नाही.

टार्मिगनचं वेगळंच. हा कोंबडीसारखा पक्षी हिवाळ्यात पांढरा आणि उन्हाळ्यात तपकिरी होतो. पिसं बदलायची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते, बर्फावर नाही, त्यामुळे बर्फ उशिरा पडला की पांढराशुभ्र पक्षी तपकिरी दगडांमधे उघडा पडतो. त्यातल्या रॉक टार्मिगन जातीचे नर तर वसंतात बर्फ गेल्यावरही काही दिवस पांढरेच असतात आणि मग चिखलात लोळून मळके होतात, हे मला आजही थक्क करतं. हिवाळ्यात हेच पक्षी भुसभुशीत बर्फात खड्डा करून ऊब घेतात. मधेच पाऊस पडून वर कडक थर जमला तर तो निवारा जातो. म्हणजे हिवाळा सौम्य झाला आणि पक्ष्याला थंडी जास्त लागली, असंही होऊ शकतं.

आता आकड्यांबद्दल. युरोपात ४४ पर्वतीय जातींची संख्या २००२ ते २०१४ मधे सरासरी ७ टक्क्यांनी घटली, हा आकडा तू दिलायस आणि बरोबर आहे. पण घट म्हणजे लगेच हवामान असं नाही ना. स्कॉटलंडमधे डॉटरेल या टिटवीच्या कुळातल्या पक्ष्याचे विणीचे नर १९८७-८८ ला अंदाजे ९८० होते आणि २०११ ला अंदाजे ४२३ (नरच मोजतात, कारण अंडी मुख्यतः तोच उबवतो). आता हा पक्षी हिवाळा उत्तर आफ्रिकेच्या बाजूला काढतो, त्यामुळे दोष डोंगरावरच्या उष्म्याचा, चराईचा की तिकडच्या शेतांचा हे नुसत्या मोजणीतून सांगता येत नाही. वृक्षरेषासुद्धा फक्त उष्णतेने वर चढत नाही, गुरं न्यायची बंद झाली की झुडपं चढतातच. चराईची माहिती तुझ्या प्रपोजलमधे एका ओळीतही नाही, ती घाल.

आणि एक चूक माझी, ती तू करू नकोस. सुरुवातीला मी तीन सीझन ठरलेल्या तारखांनाच पॉइंट काउंट केले (एका जागी उभं राहून दिसणारे-ऐकू येणारे पक्षी मोजायचे), तारीख पाळली म्हणजे शिस्त पाळली असं वाटायचं. तिसऱ्या वर्षी बर्फ खूप लवकर गेला, पक्ष्यांनी विणीला लवकर सुरुवात केली, मी पोचले तोवर गाणं जवळपास थांबलेलं, आणि मी वहीत "घट" लिहून मोकळी. पक्षी तिथेच होते, पिल्लांना भरवत होते, फक्त गप्प होते. त्या वर्षीचा डेटा शेवटी बाजूला ठेवावा लागला, अजूनही वाईट वाटतं. म्हणून एकाच जागी सीझनमधे निदान तीन फेऱ्या कर, आणि प्रत्येक फेरीत किती टक्के जमीन बर्फाखाली आहे ते लिही, त्याच जागेवरून फोटो काढ.

नोंदीत वारा, ढग, तू नेमकी कुठल्या दगडापाशी उभी होतीस, काय दिसलं नाही, सगळं लिही. ग्रिनेलने १९१० सालीच लिहून ठेवलं होतं की या नोंदींची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल, आणि तसंच झालं.

बाकी सहा जातींची यादी कापून एक ठेव, फार तर दोन. माझं मत स्नोफिंच, कारण इमारतींच्या फटींमधेही घरटी करतो त्यामुळे तुला जवळून बघता येईल. नवा ड्राफ्ट बर्फ वितळायला लागायच्या आत पाठव, म्हणजे पहिल्या फेरीच्या तारखा बसून ठरवू.

तुझी,
ताई